दामाजीपंतांची पावती

वाळवा आणि शिराळा तालुक्यांत स्पर्धा परीक्षेच्या आदल्या दिवशी देवाला गेल्याशिवाय घराबाहेर पडणारी मुले-मुली फार थोडी. कोणी बहेच्या मारुतीला नारळ ठेवतो, कोणी संभूआप्पा-बुवाफन यांच्यापुढे हात जोडतो, कोणी पहाटेच्या नमाजानंतर दुआ मागतो, कोणी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर क्षणभर उभी राहते. आणि ‘अधिकारी कशाला व्हायचंय?’ असे विचारले, की यांतले बरेच जण मनापासून सांगतात, ‘लोकांची सेवा करायची आहे.’ या उत्तरावर माझा विश्वास आहे. प्रश्न एवढाच, की ही श्रद्धा आणि ही सेवेची इच्छा परीक्षेच्या तयारीत, नेमणुकीनंतरच्या पहिल्या टेबलावर आणि पुढच्या तीस वर्षांत कुठे कशी वापरायची, हे त्यांना कोणी सांगत नाही. अकॅडमीत चालू घडामोडी शिकवतात. हे शिकवायला वेळ नसतो. म्हणून हा लेख.

आधी एक काम करा. वहीचे एक पान घ्या आणि तुम्हाला जी सेवा करायची आहे ती तालुक्याच्या भाषेत लिहा. ‘समाजासाठी काहीतरी’ असे लिहू नका. ‘वडील गेल्यावर सातबारावर बहिणींची नावे वेळेत लागावीत’, ‘शेताचा अडवलेला रस्ता सहा महिन्यांच्या आत मोकळा व्हावा’, ‘निराधार म्हातारीचे पैसे दर महिन्याला मिळावेत’, असे लिहा. मग प्रत्येकापुढे ते काम कोण करतो ते शोधा. वारस नोंद गावचा तलाठी घेतो, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ती मंजूर करतो मंडल अधिकारी. शेतरस्त्याचा अडथळा दूर करण्याचा अधिकार १९०६च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराला आहे, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हावा लागतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. गावातल्या नळाचे पाणी, अंगणवाडी, प्राथमिक शाळेची खोली हे सारे पंचायत समितीकडे. शहरातली गटारे आणि कचरा नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्याकडे.

ही यादी केली की बहुतेकांना एक गोष्ट उमगते. मनातली सेवा जिथे घडते ती पदे जिल्हाधिकाऱ्याच्या केबिनपासून बरीच खाली आहेत. पोस्टरवर फोटो लागतो तो आय.ए.एस. झालेल्याचा, पण गावच्या विधवेचे काम अडते किंवा सुटते ते मंडल अधिकाऱ्याच्या सहीपाशी. मोठे पद मागू नका, असे मी म्हणत नाही. खुशाल मागा. पण लहान पद मिळाले तर सेवेची संधी हुकली, असे समजून झुरत बसलेली कितीतरी मुले मी पाहतो, आणि मला ते फार लागते. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. ज्याला ती जागा मिळाली, त्याच्या हातात एका सज्जातल्या शेकडो कुटुंबांची जमीन आली. जमिनीच्या नोंदीवर आपल्याकडे भावकी तुटते, लग्ने मोडतात, खून पडतात.

वारस नोंदीचेच थोडे सविस्तर सांगतो, कारण श्रद्धाळू माणसाची परीक्षा तिथे होते. खातेदार वारला की वारसांनी कळवायचे, तलाठ्याने फेरफार लिहायचा, चावडीवर आणि संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवायचे, मग मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित करायचे. कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात चारही भाऊ येतात आणि म्हणतात, ‘बहिणींनी हक्क सोडलाय, त्यांची नावं कशाला?’ २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि हक्कसोड हवी तर ती नोंदणीकृत दस्ताने व्हावी लागते. त्या बहिणीला नोटीस तिच्या सासरच्या पत्त्यावर गेली का, ती मिळाली का, तिच्याशी भाऊ बाजूला नसताना कोणी बोलले का, हे पाहणे कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही. त्याचा सत्कार होत नाही. उलट गावात नाव खराब होते. पण सेवा म्हणून जे काही आहे ते तिथे आहे. तुमच्या धर्मात दुबळ्याच्या हक्काबद्दल जे शिकवले असेल, ते नेमके या पंधरा दिवसांत वापरायचे आहे.

पद मिळायच्या आधी यातले बरेच शिकता येते. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास. तुमच्या गावच्या ग्रामसभेत जाऊन मागे बसा आणि ठराव कसे लिहिले जातात ते पाहा. घरचा सातबारा आणि आठ-अ उतारा समोर ठेवून प्रत्येक रकाना वाचा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे लहानपणापासून कानावर असते, पण इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे हे पदवीधर मुलांनाही सांगता येत नाही. आठवड्यातला एक सकाळचा वेळ काढून गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर तहसील कचेरीत जा. त्याचा अर्ज तुम्ही भरा, पोच घ्या, तारीख वहीत लिहा आणि मुदत संपली की विचारायला जा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५चा आहे. त्यात अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, मुदत पाळली नाही तर अपील आहे आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. हा कायदा पुस्तकात वाचून दोन गुण मिळतात. म्हाताऱ्याबरोबर तीन वेळा खेपा घालून जे कळते ते मुलाखतीच्या खोलीत आवाजातच उतरते.

आता अभ्यासाकडे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक केली आहे, संघ लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे, मुलाखत २७५ची, असे २,०२५ गुण. भाषेचे दोन पेपर फक्त उत्तीर्ण व्हायचे. सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा आहे. तुमची श्रद्धा तुम्हाला या पेपरात आपोआप गुण देईल, असे मानू नका. ‘देवावर विश्वास असल्याने मी लाच घेणार नाही’ असे उत्तर लिहिणाऱ्याला परीक्षक काय देणार? पेपरात प्रसंग दिलेला असतो: वरिष्ठांचा तोंडी आदेश, खाली अडकलेले गरीब कुटुंब, मध्ये नियम. तुम्ही कोणता नियम पाहाल, कोणाला लेखी कळवाल, त्या कुटुंबाला तोपर्यंत काय द्याल, हे पायरीने लिहावे लागते. म्हणजे भल्या हेतूला कार्यपद्धती द्यावी लागते. पुढे नोकरीतही हेच करायचे आहे.

इथे मला एकनाथांची आठवण होते. पैठणच्या या मुलाचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. निजामशाहीची चाकरी आणि दत्तभक्ती त्यांनी एकाच आयुष्यात निभावली. परंपरेत गोष्ट सांगतात, की गुरूंनी एकनाथांना हिशेबाचे काम दिले होते. एके रात्री एका पैची चूक निघेना. एकनाथ दिवा लावून रात्रभर बसले, पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. जनार्दनस्वामींनी ते पाहिले आणि ओळखले, की हा मुलगा अनुग्रहाला तयार झाला. कीर्तनात या गोष्टीचा शेवट बहुधा ‘एवढे लक्ष देवाकडे लाव’ असा करतात. मला तिचा पहिला भाग जास्त मोलाचा वाटतो: गुरूने शिष्याची पारख ध्यानात केली नाही, रोजकीर्दीत केली. पैची चूक आहे, सोडून दे, असे त्या घरात चालत नव्हते.

तेव्हा तयारीच्या काळात श्रद्धेचा उपयोग करायचा तो असा. जप, नमाज, प्रार्थना, ध्यान, जे काही तुमच्याकडे आहे, त्याने दिवसाला ठरलेली वेळ येते. त्या वेळेभोवती अभ्यासाचे तास बांधा. पहाटेची उठण्याची सवय आयतीच मिळते. उपासाच्या दिवशी, रमजानच्या महिन्यात किंवा वारीच्या पंधरवड्यात वेळापत्रक बदलणार असेल, तर ते आधीच लिहून ठेवा, नंतर कारण म्हणून सांगू नका. नवस मात्र बोलू नका. ‘पास झालो तर अमुक करीन’ हा व्यवहार झाला, आणि पास झालो नाही की त्याच व्यवहाराचा राग देवावर निघतो. निकालाच्या दिवशी खचलेली, देवघराकडे पाठ करून बसलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांचा अभ्यास कमी पडला नव्हता. जागा कमी होत्या.

नेमणूक झाल्यावरचा भाग खरा अवघड. त्यासाठी मंगळवेढ्याला जावे लागेल. दामाजीपंत हे पंधराव्या शतकातले, बिदरच्या बादशहाचे मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि दामाजींनी सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. बादशहाने पकडून आणायला माणसे पाठवली. दामाजी वाटेत असतानाच विठू महाराच्या रूपात प्रत्यक्ष विठ्ठल दरबारात गेला, धान्याची सारी किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती दामाजींना पुढे आपल्या पोथीत सापडली. महाराष्ट्रात ही कथा माहीत नाही असे घर नाही, आणि सेवाभावी अधिकाऱ्याचा आदर्श म्हणून तीच सांगितली जाते. पण आपण ऐकताना अर्धीच ऐकतो. आपल्याला कोठार उघडणारे दामाजी आठवतात, पावती आठवत नाही. ज्या लोकांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांना ती पावती इतकी महत्त्वाची वाटली, की देवालासुद्धा त्यांनी हिशेब चुकता करायला लावला. धान्य सरकारचे म्हणजे रयतेचे होते. ते दिले तर त्याची नोंद हवी, भरपाई हवी.

आज तुम्ही तहसीलदार असाल आणि कृष्णा-वारणेला पूर आला, तर विठ्ठल पावती घेऊन येणार नाही. ती तुम्हालाच करायची आहे. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. इशारा आणि धोक्याच्या रेषा केव्हाच खाली गेल्या होत्या. अशा वेळी नियम पाहात बसायला वेळ नसतो, हे खरे. पण आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा आहे, त्यात तातडीच्या खरेदीची, वाहने-इमारती ताब्यात घेण्याची तरतूद आहे. ती पूर येण्याआधी, मे महिन्यात वाचून ठेवलेला अधिकारी त्या रात्री होडी मिळवतो आणि दुसऱ्या दिवशी टिपणीही लिहितो. तोंडी हुकमावर चाललेला अधिकारी कदाचित तेवढीच माणसे वाचवतो, पण पुढची पाच वर्षे लेखापरीक्षणाचे परिच्छेद उत्तरत बसतो आणि पुढच्या पुराच्या वेळी त्याचा हात आखडतो. दयाळू माणसाचा हात आखडला की नुकसान गरिबाचे होते.

पूर ओसरल्यावर पंचनामे येतात. पिकाच्या नुकसानीचे पैसे सातबारावरच्या नावाला मिळतात. ज्याने खंडाने किंवा वाट्याने जमीन कसली, बियाणे-खत उधारीवर आणले, त्याचे नाव कुठेच नसते. मग त्याला काय सांगणार? हळहळ व्यक्त करून उपयोग नाही. पीक पाहणीच्या वेळीच नोंद नीट झाली असती, घराच्या पडझडीचा आणि जनावरांचा पंचनामा त्याच्या नावाने वेगळा झाला असता, तर त्याला काही मिळाले असते. ई-पीक पाहणी २०२१पासून आहे. ती शेतकऱ्याकडून वेळेत करून घेण्याचा कंटाळवाणा पाठपुरावा कोरड्या दिवसांत झालेला असावा लागतो.

नियमच आडवा येत असेल तर? तर तो बदलायला लावा. हे अशक्य वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातले वि. स. पागे यांचे काम नीट अभ्यासा. विठ्ठल सखाराम पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. स्वातंत्र्यसैनिक, अध्यात्माची ओढ असलेले, संतवाङ्मयात रमणारे गृहस्थ. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. शेतमजुराला वर्षातले कित्येक महिने काम नसते, हे दुष्काळी पट्ट्यात वाढलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. पागेंनी त्यावर दानधर्माचा मार्ग काढला नाही. १९६५मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना त्यांनी योजना मांडली, की जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे. तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर कामाला आली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पैसा हवा म्हणून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याची मुळे विसापूरच्या या माणसापर्यंत जातात.

यात शिकण्यासारखी गोष्ट अशी, की पागेंनी करुणेला अर्जाचा नमुना दिला. मजुराने अर्ज करायचा, पोच घ्यायची, ठरल्या दिवसांत काम मिळाले नाही तर भत्ता मागायचा. हजेरीपत्रक, मोजमाप पुस्तक, मजुरीचा दर. पूर्वी मजूर हात पसरून मामलेदाराच्या दारात उभा राहायचा. कायद्यानंतर तो हक्काने मागू लागला आणि काम नाही दिले तर उत्तर मामलेदाराला द्यावे लागू लागले. योजनेत पुढे खोटी हजेरीपत्रके झाली, कंत्राटदार घुसले, हेही खरे. तेव्हा ज्या कारकुनाने मस्टर खरे लिहिले तो त्या दिवशी पागेंच्या कामातला वाटेकरी झाला. तुमच्या कारकिर्दीत निदान एक तरी असे काम व्हावे, की जे तुमच्या चांगुलपणावर अवलंबून राहणार नाही, तुमची बदली झाल्यावरही चालू राहील. अर्जाचा सोपा नमुना, दाखल्याची एक पायरी कमी, आठवड्यातला सुनावणीचा पक्का वार, एवढे लहान असले तरी चालेल.

आता श्रद्धेच्या उघड रूपाबद्दल स्पष्ट बोलतो. उरुण-इस्लामपूर हे दोन धर्मांच्या माणसांनी एक उरूस सांभाळलेले गाव आहे. संभूआप्पा आणि बुवाफन ही नावे इथे एका दमात घेतली जातात. शासनाने २०२५मध्ये शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला, त्यावर आनंद झालेलेही आहेत आणि मनातून दुखावलेलेही. उद्या तुम्ही अशाच कुठल्या गावात खुर्चीवर बसाल, तेव्हा समोरच्या रांगेत दोन्ही असतील. राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात मंत्र्यांच्या आणि आमदारांच्या शपथेला दोन दारे ठेवली आहेत, ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घ्या किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ प्रतिज्ञा करा. पुढचे कर्तव्य दोघांनाही सारखेच. प्रशासनातल्या माणसासाठी याहून चांगला नियम मला ठाऊक नाही. तुमचा टिळा, तुमची टोपी, तुमची माळ तुमची आहे. पण टेबलावर, भिंतीवर, कार्यालयाच्या दारात असे काही ठेवू नका, की ज्याने समोरच्या माणसाला आपले काम इथे होईल का, अशी शंका यावी. कार्यालयात वर्गणी काढून पूजा घालणे टाळा. शिपायाला आणि रोजंदारीवरच्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि साहेबाच्या पूजेची वर्गणी त्याच्या मुलाच्या वहीपुस्तकातून जाते. पूजा घरी करा, गल्लीतल्या मंडळात करा.

मार्च २०२०मध्ये सांगली जिल्ह्यातले करोनाचे पहिले रुग्ण इस्लामपुरातच निघाले, सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातले. आकडा वीसच्या पुढे गेला आणि त्याबरोबर मोबाइलवर धर्माच्या नावाने विखारही पसरू लागला. तो भाग बंद करून, घरोघर तपासणी करून, संपर्कातली माणसे शोधून ती साखळी काही आठवड्यांत तोडली गेली. त्या दिवसांत दारात उभ्या राहिलेल्या आशा कार्यकर्तीने, परिचारिकेने आणि पोलिसाने कोणाचे आडनाव पाहून आवाज बदलला असता, तर लोकांनी लक्षणे लपवली असती आणि रोग गावभर गेला असता. भेदभाव न करण्याला आपण नीतीचा भाग मानतो. तो कामाचाही भाग आहे.

आणि श्रद्धेचा सर्वांत मोठा धडा साताऱ्याच्या मांढरदेवीचा आहे. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, काळूबाईची यात्रा. अरुंद चढण, दोन्ही बाजूंना दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, लाखोंची गर्दी. चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या, आणि जवळपास तीनशे माणसे गेली. त्यांत बायका-मुले किती तरी होती. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढे तिथल्या प्रथांवर आणि व्यवस्थेवर बंधने आली. वाईच्या डोंगरावर त्या दिवशी भक्ती कमी नव्हती. कमी होता तो जाण्याचा आणि येण्याचा वेगळा रस्ता. तुम्ही भाविक अधिकारी असाल आणि यात्रेच्या दिवशी पहिल्या आरतीचा मान तुम्हाला मिळत असेल, तर तो सोडा आणि त्या वेळी कठड्यांचे बोल्ट पाहा, दुकानांतले गॅस सिलिंडर मोजा, रुग्णवाहिकेला बाहेर पडायला वाट आहे का ते चालून पाहा. फलटण-लोणंदला माउलींच्या पालखीच्या वेळी पाण्याचे टँकर आणि फिरती शौचालये वेळेवर आणणारा कर्मचारी दर्शनाला पोहोचतोच असे नाही. त्याच्या वारीत खोट आहे, असे कुठला वारकरी म्हणेल?

पैशाविषयी. लाच घेऊ नका हे कोणीही सांगेल. १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आणि लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक तुम्हाला माहीत आहे. मी त्याआधीच्या पायरीविषयी बोलतो. निकाल लागला, की आपल्या भागात तीन गोष्टी घडतात. चौकात फ्लेक्स लागतो आणि तो लावणारा कोणत्या तरी गटाचा असतो. सत्कारांची रांग लागते आणि शालीबरोबर पाकीट येते. आणि मुलगा असेल तर स्थळे येतात, पदानुसार आकडा ठरवून. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९चे आहेत. भेटवस्तूंवर त्यांत मर्यादा आहे, हुंडा घेण्या-देण्यास बंदी आहे, दरवर्षी मालमत्तेचे विवरण द्यावे लागते. नेमणुकीच्या आधी घेतलेला हुंडा १९६१च्या हुंडाबंदी कायद्याने गुन्हाच आहे. पण कायदा बाजूला ठेवा. सासऱ्याने जमीन विकून दिलेले वीस-पंचवीस लाख घेऊन जो कामावर रुजू होतो, तो पहिल्या दिवसापासून विकला गेलेला असतो, आणि त्याच्या घरात रोज आरती होत असली तरी त्यात फरक पडत नाही. आई-वडिलांशी हे बोलणे निकालाच्या आधी करा. निकालानंतर उशीर झालेला असतो. तोवर मामा-काकांनी शब्द दिलेला असतो. सत्कार घ्यायचाच असेल तर ज्या शाळेत शिकलात तिथे घ्या, मुलांसमोर.

बदल्यांची भीतीही लवकर मोडून टाका. २००५च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावर साधारण तीन वर्षांचा कालावधी धरला आहे, त्याच कायद्यात टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त अडवू नये असेही म्हटले आहे. पहिले कलम आपल्या सोयीसाठी सर्वांना पाठ असते, दुसरे थोड्यांना. मुदतीआधी बदली होईल, तेव्हा होईल. आमच्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे राघोबादादांना नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल दोषी ठरवून पुणे सोडून गेले, आणि सत्ता पालटल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावले गेले. ते जाऊ शकले, कारण त्यांचा संसार थोडक्यात भागत होता. तुम्हीही पहिल्या पगारापासून खर्च असा ठेवा, की गडचिरोलीला पाठवले तरी घरचा हप्ता चुकणार नाही. मोठे गृहकर्ज आणि स्वाभिमान एका वेळी सांभाळणे फार जड जाते.

शेवटी त्यांच्याविषयी, ज्यांचे नाव यादीत येणार नाही. ते संख्येने जास्त आहेत. तयारी सुरू करतानाच घरच्यांना तारीख सांगा: अमुक वर्षापर्यंत, इतक्या प्रयत्नांपर्यंत. राज्य आयोगाची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ आहे, म्हणून तेवढी सारी वर्षे पुण्याच्या पेठेतल्या खोलीत घालवू नका. पहिली दोन वर्षे इस्लामपुरात राहूनही अभ्यास होतो. कोल्हापूरला शासनाचे भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, मुंबईला १९७६पासूनची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या शिष्यवृत्त्या आहेत, मुंबईच्या हज हाउसमध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी निवासी तयारीची सोय झालेली आहे. या सर्वांच्या प्रवेश परीक्षांच्या जाहिराती वर्षातून एकदा येतात. तारीख चुकली की वर्ष जाते.

आणि प्रशासन सरकारात संपत नाही. वाळवा तालुक्यात साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, सूतगिरण्या, शिक्षण संस्था, रुग्णालये आहेत, आणि त्यांना स्वच्छ हिशेब ठेवणारा सचिव, व्यवस्थापक, रजिस्ट्रार मिळत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील कुठल्याच सरकारी पदावर नव्हते. त्यांच्या घराण्याचे मूळ आपल्याच ऐतवडे बुद्रुकचे. १९१९मध्ये काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत बसवली. ज्यांची ओढ थेट धर्मस्थानाकडे आहे त्यांनी देवस्थान आणि वक्फ संस्थांच्या व्यवस्थापनाचा विचार करावा. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचे हिशेब, बदल अर्ज, जमिनींचे खटले हे जाणणारी तरुण माणसे तिथे फार कमी आहेत. गावच्या देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या विश्वस्तांना यंदाचे लेखापरीक्षण झाले का, ते विचारा. झाले नसेल तर दप्तर लावून द्यायला शनिवार-रविवार जा. वर्षभरात तुम्हाला ताळेबंद वाचता येईल, आणि पुढच्या मुलाखतीत सांगायला काम असेल.